जेठा काढला, तरी फुटवे का आले नाहीत? हवेली तालुक्यातील एका उसाच्या शेताचे प्रकरण

पुणे शहराच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या पट्ट्यात, हवेली तालुक्यात माझ्या मामेभावाचे दीड एकर उसाचे शेत आहे. गेल्या 'सुरू' हंगामात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या लागणीच्या हंगामात, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, त्याने तेथे को ८६०३२ या वाणाची एक डोळ्यापासून ट्रेमध्ये तयार केलेली रोपे लावली. सरी पाच फुटांची आणि दोन रोपांमधील अंतर दोन फूट होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, लागण साधारण पन्नास दिवसांची झाल्यावर, त्याने संपूर्ण शेतातील जेठा कोंब, म्हणजे प्रत्येक रोपाचा मुख्य कोंब, एकाच दिवशी काढून घेतले. एप्रिल उजाडला तेव्हा शेताच्या खालच्या भागात प्रत्येक बेटाला, म्हणजे एका रोपाच्या झुबक्याला, आठ-नऊ फुटवे होते, वरच्या भागात जेमतेम तीन-चार होते, आणि पूर्वेकडच्या बांधालगतच्या दोन सऱ्यांत खत-पाणी उत्तम असूनही चार-पाचच होते. "ताई, विळा तोच, माणसं तीच, दिवस तोच, मग एकाच शेतात तीन तऱ्हा कशा?" असे त्याने मला फोनवर विचारले. मी पुण्यात अनेक वर्षे वनस्पती शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे, आणि वर्गात फळ्यावर काढलेली आकृती शेतात इतक्या स्पष्टपणे मांडलेली मला यापूर्वी दिसली नव्हती. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवत आहे.

प्रथम फुटवा म्हणजे काय ते नेमके सांगायला हवे. उसाचा फुटवा हे वेगळे झाड नव्हे; जमिनीखाली दबलेल्या आखूड पेरांवर प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो आणि त्या डोळ्यातून निघालेली फांदी म्हणजे फुटवा. गुलाबाला बगलफूट येते, तुरीचा शेंडा खुडल्यावर फांद्या फुटतात आणि उसाचे बेट भरते, या तिन्ही घटनांचे मूळ एकच आहे. डोळा तयार होणे ही एक पायरी आणि तो डोळा फुटणे ही दुसरी. बहुतेक वेळा डोळे तयार असतात, पण फुटत नाहीत. शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळा प्रश्न या दुसऱ्या पायरीचा आहे.

आपल्याकडे मुख्य कोंबाला 'जेठा' म्हणतात, आणि हा शब्द मला फार नेमका वाटतो. घरातील थोरल्यासारखा हा कोंब धाकट्यांना पुढे येऊ देत नाही, हे निरीक्षण त्या नावातच आहे. शास्त्रात यालाच शेंड्याचे वर्चस्व म्हणतात. केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी १९३३-३४ मध्ये बाकल्याच्या रोपांवर प्रयोग करून त्याचा पहिला रासायनिक पुरावा दिला. शेंडा कापला की बगलेतील डोळे फुटतात. पण कापलेल्या टोकावर ऑक्सिन हे संप्रेरक (झाडातील निरोप पोचवणारे रसायन) लावले, तर शेंडा नसतानाही ते दबूनच राहतात. शेंड्याच्या कोवळ्या पानांत ऑक्सिन तयार होते आणि ते खोडातून वरून खाली, एका दिशेने, ताशी सुमारे एक सेंटिमीटर या संथ गतीने वाहते. हे सूत्र पुढे अनेक दशके पाठ्यपुस्तकांत जवळजवळ अंतिम उत्तर म्हणून छापले गेले, आणि मीही सुरुवातीची काही वर्षे ते तसेच शिकवले.

माझ्या भावाचा तर्क याच सूत्रावर उभा होता. जेठा काढला, म्हणजे अडवणारा गेला. मग फुटवे आलेच पाहिजेत. ते आले नाहीत, म्हणजे कापण्यात चूक झाली असावी.

म्हणून आम्ही कापणीपासूनच तपासाला सुरुवात केली. पन्नास दिवसांच्या उसात वाढीचा बिंदू उंचावर नसतो. तो जमिनीलगत, पानांच्या गुंडाळीच्या तळाशी असतो. वरची पाने छाटली आणि हा बिंदू वाचला, तर पोंग्यातून सुरळी पुन्हा वर येते आणि जेठा काढल्याचे केवळ दिसते. वरच्या भागातील दहा बेटे आम्ही उकरून उभी चिरली. त्यांपैकी दोन बेटांत कापणी उंचावरून झालेली होती आणि मधला बिंदू जिवंत होता. उरलेल्या आठ बेटांत मात्र जेठा खरोखरच गेला होता, त्याची जागा तपकिरी पडून सुकली होती. त्याच्या खालच्या पेरांवर टपोरे, पांढरट-हिरवे डोळे बसलेले होते. नखाने टोकरल्यावर ते आतून रसरशीत निघाले. कीड नव्हती, कूज नव्हती. डोळे जिवंत होते, अडवणारा निघून गेला होता, आणि तरीही ते तीन आठवडे जागचे हलले नव्हते. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच आहे, कारण केवळ ऑक्सिनच्या सूत्राने त्याचा उलगडा होत नाही.

शास्त्रज्ञांनाही या सूत्रातील एक अडचण आधीपासून खुपत होती. शेंड्यातून आलेले ऑक्सिन डोळ्याच्या आत शिरतच नाही, ते शेजारून खोडातून खाली निघून जाते. मग ते डोळ्याला बाहेरून अडवते कसे? आज याचे उत्तर असे दिले जाते की ऑक्सिन दुसऱ्या दोन संप्रेरकांमार्फत काम करते. एक म्हणजे सायटोकायनिन, ज्याचा डोळ्याला होकार असतो. खोडातून ऑक्सिन वाहत असेपर्यंत खोडातील सायटोकायनिनची निर्मिती दबलेली राहते. दुसरे म्हणजे स्ट्रिगोलॅक्टोन, ज्याचा डोळ्याला नकार असतो; ऑक्सिन त्याच्या निर्मितीला बळ देते. जेठा काढल्यावर होकार वाढतो आणि नकार कमी होतो. मात्र हे दोन्ही संप्रेरक केवळ शेंड्याच्या सांगण्यावर चालत नाहीत, ती मुळांतही तयार होतात. मुळांना मातीत काय मिळाले आणि काय मिळाले नाही, यावर त्यांचे प्रमाण ठरते. वरच्या भागाचे कोडे येथून उलगडू लागले.

कापणीच्या दिवशी दोन्ही भागांतील रोपे कशी होती, हे मी भावाला आठवायला सांगितले. खालच्या भागातील रोपांना सात-आठ पूर्ण पाने होती आणि बऱ्याच रोपांना एक-दोन फुटवे आधीच निघालेले होते. वरच्या भागातील रोपे बारीक होती, त्यांना चार-पाच पाने होती, आणि बहुतेकांना जेठ्याशिवाय दुसरा कोंबच नव्हता. म्हणजे खाली जेठा कापल्यावर मागे हिरवी पाने शिल्लक राहिली आणि वर जवळजवळ काहीच राहिले नाही. यातील फरक समजून घेण्यासाठी साखरेचा मुद्दा विचारात घ्यावा लागतो.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये वाटाण्यावर केलेले काम प्रसिद्ध झाले. उंच वाटाण्याचा शेंडा कापल्यावर खूप खालचे डोळे काही तासांतच हलू लागतात, असे त्यांना दिसले. ऑक्सिनच्या संथ गतीचा हिशेब केला, तर त्या डोळ्यांजवळचे ऑक्सिन तोपर्यंत कमी झालेलेच नसते. मग पहिली खबर कोण पोहोचवते? ती साखर पोहोचवते. वाढता शेंडा हा साखरेचा मोठा गिऱ्हाईक असतो. तो नाहीसा झाला की पानांत तयार झालेली साखर लगेच खालच्या डोळ्यांकडे वळते. शेंडा शाबूत ठेवून देठातून साखर पुरवली, तरी डोळे जागे होतात, हेही त्यांनी दाखवले. उलट शेंडा कापताना पानेही काढून टाकली, तर डोळ्यांची वाढ मंदावते. ऑक्सिनचे महत्त्व यामुळे कमी होत नाही, कारण डोळा फुटल्यानंतर त्याची पुढची वाढ टिकते की नाही हे ठरवण्यात ते असतेच; पण सुरुवातीचा धक्का साखरेचा असतो.

हे चित्र वरच्या भागावर ठेवून पाहिले की कापणीने तेथे काय केले ते दिसते. रोपाला चारच पाने होती आणि ती जेठ्याचीच होती. जेठा गेला तेव्हा साखर खाणारा गेला हे खरे, पण साखर कमावणाराही तोच होता. मागे राहिलेल्या डोळ्यांवरचे दडपण उठले आणि त्याच क्षणी त्यांची शिदोरीही उठली. 'जेठा काढा' हा सल्ला आपल्याकडे दिवसांवर दिला जातो. माझ्या मते तो रोपाच्या अवस्थेवर दिला पाहिजे. किमान एक-दोन फुटवे स्वतःच्या पानांनिशी उभे राहिल्याशिवाय जेठ्याला हात लावणे हे दुबळ्या रोपाच्या बाबतीत नुकसानीचेच आहे.

वहिनींनी दाखवलेली एक गोष्ट येथे नोंदवायला हवी, कारण आमच्या दोघांच्याही ती लक्षात आली नव्हती. फेब्रुवारीच्या अखेरीस खोडकिडीने शेतात काही ठिकाणी पोंगेमर झाली होती. कीड जेठ्याचा पोंगा आतून खाते आणि तो वाळून जातो, म्हणजे जेठा काढण्याचे काम कीडच करते. खालच्या भागात अशा बेटांना नंतर भरपूर फुटवे आले. वरच्या भागातील अशी बेटे मात्र एखाद-दुसऱ्या कोंबावर थांबली किंवा मरून गेली. "किडीनं कापलं काय नि बायकांनी कापलं काय, वरच्या अंगाला फुटतच नाही," असे त्या म्हणाल्या. विळ्याचा दोष नाही, हे सिद्ध करण्यासाठी याहून चांगली जोडी मला आखून मिळाली नसती.

मग आम्ही खताच्या वहीकडे वळलो. सुरू उसासाठी राज्यात हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी शिफारस आहे. त्यातील नत्र चार हप्त्यांत द्यायचे असते: लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाच्या बुडाशी भरपूर माती चढवताना, ४० टक्के. दुसरा हप्ता एवढा मोठा ठेवण्यामागे फुटव्यांचाच विचार आहे. एकराचा हिशेब केला तर नत्र सुमारे १०० किलो होते, त्यातील ४० टक्के म्हणजे ४० किलो, आणि युरियात ४६ टक्के नत्र असल्याने त्यासाठी जवळपास ८७ किलो युरिया लागतो. भावाला त्या आठवड्यात युरियाच्या गोण्या कमी मिळाल्या. त्याने त्या खालच्या भागाला आणि पूर्वेच्या सऱ्यांना दिल्या आणि वरचा भाग पुढच्या खेपेवर ठेवला. ती खेप आली नाही, पण ठरलेल्या दिवशी जेठा मात्र काढला गेला.

नत्राचा आणि फुटव्याचा संबंध केवळ 'खत दिले की पीक वाढते' इतका ढोबळ नाही. मुळांना नायट्रेट मिळाले की त्यांच्या पेशींतील सायटोकायनिन घडवणारे विकर (एन्झाइम) कामाला लागते. तयार झालेले सायटोकायनिन पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते आणि डोळ्यांपर्यंत पोहोचते. म्हणजे झाडाच्या दृष्टीने नत्र हे अन्न आहे आणि निरोपही आहे: खाली पुरवठा आहे, वर नवी फांदी काढायला हरकत नाही. पाणी पोचवणारी नळी आणि निरोप पोचवणारी नळी एकच असल्याने ताणावर असलेल्या उसात दोन्ही एकदमच अडते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. भातामध्ये या साखळीची आणखी एक कडी २०२० मध्ये चिनी संशोधकांनी उजेडात आणली. नत्र वाढले की एनजीआर ५ नावाचे प्रथिन वाढते आणि ते फुटवे रोखणाऱ्या जनुकांना गप्प करते; जिबरेलिन मात्र त्याच प्रथिनाचा नाश घडवून आणते. हरितक्रांतीच्या बुटक्या भातात जिबरेलिनचा प्रभाव कमी असल्याने त्याला फुटवे अधिक का येतात, याचा एक उलगडा त्यातून मिळाला.

याच संदर्भात भावाने मला एक बाटली दाखवली. दुकानदाराने फुटव्यांसाठी म्हणून जीए आणि सिक्स बीए एकत्र करून फवारायला सांगितले होते. सिक्स बीए हे सायटोकायनिन आहे, त्याचा डोळ्यांशी संबंध आहे हे मान्य. पण जीए म्हणजे जिबरेलिन, आणि त्याचे मुख्य काम पेर लांबवण्याचे आहे. कांडी धरल्यावर पेर लांबवण्यासाठी त्याचा विचार करता येईल. फुटव्याच्या काळात, तेही उपाशी रोपावर, ते फवारणे मला पटले नाही. त्याहून मोठा प्रश्न असा की बाहेरून होकार दिला तरी त्यामागचा पुरवठा कोठून आणायचा? बाटली आम्ही बाजूला ठेवली आणि मातीचा अहवाल मागवला.

अहवालाने दुसरी बाजू उघड केली. वरचा भाग चुनखडीचा निघाला, सामू (पीएच) ८.४ आणि उपलब्ध स्फुरद कमी. भावाने लागणीच्या वेळी सुपर फॉस्फेट दिले होते, पण ते विस्कटून वरच्या थरात दिले होते. चुनखडीच्या जमिनीत विरघळलेले स्फुरद चुन्यातील कॅल्शियमशी बांधले जाते आणि मुळांच्या हाती फार थोडे लागते. जुन्या पानांच्या टोकांवर जांभळट छटा होती, तिचे कारण हेच असावे. नव्या पानांवर काही ठिकाणी केवडाही (पिवळेपणा) दिसत होता, म्हणजे लोहही अडकले होते.

स्फुरदाच्या टंचाईत झाड जे करते ते मला या विषयातील सर्वांत विलक्षण वाटते. ज्वारीत आणि उसात येणारा टारफुला आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. या परजीवी तणाचे बी जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि यजमान पिकाचे मूळ जवळ आल्याचा रासायनिक इशारा मिळाल्यावरच उगवते. तो इशारा म्हणजे स्ट्रिगोल. १९६६ मध्ये तो कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळा केला गेला. आपल्याच वैऱ्याला बोलावणारा पदार्थ झाड का बनवते, हा प्रश्न जवळपास चाळीस वर्षे तसाच होता. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की त्याच कुळातील पदार्थ मायकोरायझा बुरशीला मुळाकडे बोलावतात, आणि ही बुरशी झाडाला स्फुरद आणून देते. टारफुला हा त्या हाकेवर कान ठेवून बसलेला चोर आहे. पुढे २००८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी जाहीर केले की हेच स्ट्रिगोलॅक्टोन झाडाच्या आत वर चढून फांद्यांचे डोळे बंद ठेवते. वाटाणा, भात आणि अ‍ॅरॅबिडॉप्सिस (प्रयोगांत वापरले जाणारे एक लहान रोप) यांची अतिशय फांद्या फुटणारी काही उत्परिवर्ते, म्हणजे जनुकात बदल झालेली रोपे, अनेक वर्षे प्रयोगशाळांत होती; त्यांना हा पदार्थ बनवता येत नव्हता, आणि तो बाहेरून दिल्यावर त्यांच्या फांद्या आवरल्या.

स्फुरद कमी पडले की मुळांत स्ट्रिगोलॅक्टोन वाढते. त्यातील काही मातीत जाते आणि मदत मागते. काही वर जाते आणि फुटवे थांबवते. स्फुरद नसताना नवे कोंब काढणे म्हणजे असलेली तोकडी पुंजी दहा ठिकाणी वाटणे होय, आणि झाड ते टाळते. भातावरील प्रयोगांत स्फुरदाच्या टंचाईत फुटवे कमी होण्यामागे स्ट्रिगोलॅक्टोन असल्याचे दिसले आहे. ऊसही त्याच तृणकुळातील आहे. हे लक्षात घेतले की वरच्या भागातील ते टपोरे, जिवंत, पण निश्चल डोळे वेगळे दिसू लागतात. त्यांना वरून अडवणारा जेठा राहिला नव्हता, परंतु मुळांकडून येणारा नकार तसाच होता.

यावर तर्क करत बसण्यापेक्षा शेतालाच विचारावे, असे मी भावाला सुचवले. वरच्या भागातील बारा सऱ्या आम्ही निवडल्या. चार सऱ्या होत्या तशाच ठेवायच्या, चार सऱ्यांना फक्त युरिया द्यायचा, आणि चार सऱ्यांना ठिबकमधून युरियाबरोबर १२:६१:०० हे भरपूर स्फुरद असलेले विद्राव्य खत थोड्या-थोड्या मात्रेने द्यायचे, असे ठरले. चार सऱ्या उपाशी ठेवायला तो आधी तयार नव्हता. शेतकऱ्याला डोळ्यांदेखत पीक खंगू देणे किती कठीण असते ते मला माहीत आहे, म्हणून मी फक्त साडेतीन आठवडे मागितले. प्रत्येक गटातील दहा बेटांना फीत बांधली, आणि बाळबांधणीची (पहिल्या हलक्या भरणीची) माती त्या काळापुरती हलकीच ठेवली, कारण डोळ्यांवर मातीचा जाड थर चढला की फुटवे दबतात.

एप्रिलच्या अखेरीस आम्ही मोजणी केली. उपाशी सऱ्यांत बेटामागे तीन-चारच फुटवे होते. युरियाच्या सऱ्या दुरूनच ओळखू येत होत्या. पाने गर्द हिरवी झाली होती, जेमतेम उभ्या असलेल्या कोंबांनी अंग धरले होते, पण नव्या फुटव्यांची भर बेटामागे एखाद-दुसरीच होती. युरिया आणि स्फुरद दोन्ही मिळालेल्या सऱ्यांत मात्र बहुतेक बेटे सात-आठवर गेली होती, आणि नवे फुटवे त्या जुन्या, तीन आठवडे निजलेल्या डोळ्यांतूनच आलेले होते. ते उकरून पाहिले तेव्हा आम्हा दोघांनाही फार आनंद झाला. बारा सऱ्यांची ही पाहणी म्हणजे रीतसर प्रयोग नव्हे. स्फुरदाने मुळे वाढतात आणि पेशींची ऊर्जेची गरजही भागते, त्यामुळे सगळे श्रेय स्ट्रिगोलॅक्टोनच्या नावावर टाकणे योग्य होणार नाही. तरीही नत्राने हिरवेपणा आला आणि स्फुरद मिळाल्यावरच डोळे उघडले, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. मोजणी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी उपाशी सऱ्यांनाही दोन्ही खते सुरू केली, आणि केवडा असलेल्या ठिकाणी शेणखतात मुरवलेले फेरस सल्फेट दिले.

आता पूर्वेकडच्या दोन सऱ्या. तेथे नत्र वेळेवर मिळाले होते, जमीन खालच्या भागासारखीच काळी होती, जेठा व्यवस्थित कापला गेला होता, आणि तरीही फुटवे निम्मेच होते. कारण बांधावर उभे होते. भावाने जनावरांसाठी तेथे दाट मका पेरला होता आणि मार्चमध्ये तो पुरुषभर उंच झाला होता. सकाळचे ऊन त्या सऱ्यांना उशिरा मिळत होते, हा एक भाग झाला. दुसरा भाग उन्हाच्या रंगाचा आहे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि अतितांबडा परत फेकते. शेजारी दाट पालवी असली की झाडावर पडणाऱ्या प्रकाशात अतितांबड्याचे प्रमाण वाढते आणि फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हा बदल टिपते. प्रत्यक्ष सावली पडण्यापूर्वीच झाडाला शेजाऱ्याची चाहूल लागते, आणि ते फुटवे थांबवून उंच होऊ लागते. ज्वारीवरील संशोधनात असे दिसले आहे की हे रंगद्रव्य निकामी असलेल्या रोपांत टीबी-१ हे जनुक डोळ्यांत अधिक सक्रिय राहते आणि डोळे फुटत नाहीत.

टीबी-१ हे नाव मक्याच्याच इतिहासातून आले आहे. मेक्सिकोतील टिओसिंटे या रानगवताला भरपूर फांद्या असतात. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी त्यापासून मका घडवताना माणसाने एकखोडी झाडे निवडली, आणि त्यात या जनुकाचा मोठा वाटा होता, हे जॉन डोब्ली यांच्या गटाने १९९७ मध्ये ते जनुक वेगळे करून दाखवले. बांधावरचा मका एकाच खोडावर ताठ उभा होता तो या जनुकाच्या जोरावर, आणि त्याच्या सावलीतील उसाचे डोळे बहुधा त्याच्याच भावंडाने बंद ठेवले होते. मी हे सांगितल्यावर भाऊ बराच वेळ त्या दोन सऱ्यांमध्ये उभा राहून एकदा मक्याकडे, एकदा उसाकडे पाहत राहिला. एप्रिलच्या मध्यावर मका कापल्यानंतर तेथे आणखी फुटवे आले, पण ते उशिराचे आणि बारीक होते.

उशिराचा फुटवा आणि वेळेवरचा फुटवा यांतील फरक पैशांत मोजता येतो. पाच बाय दोन फुटांवर एकरात ४,३५६ रोपे बसतात. बेटाला आठ ते दहा गाळपाचे ऊस मिळाले, तर एकरी ३५ ते ४३ हजार ऊस उभे राहतात. वरचा भाग चार फुटव्यांवर थांबला असता, तर एकराच्या प्रमाणात ते साडेसतरा हजारांच्या आसपास राहिले असते. शिवाय आलेला प्रत्येक फुटवा ऊस होत नाही. बेट दाटले की खालच्या कोंबांना ऊन आणि साखर कमी पडते आणि बरेचसे फुटवे मरून जातात. जे आधी आले, ज्यांना स्वतःची पाने आणि मुळे फुटली, तेच टिकतात. म्हणून फुटव्यांचा काळ लांबवण्याला अर्थ नसतो, ते थोड्या दिवसांत एकदम यावेत हे महत्त्वाचे. मोठ्या बांधणीत माती चढवून उरलेले डोळे मुद्दाम दाबतात, ते याच हिशेबाने.

मेच्या अखेरीस मोठ्या बांधणीपूर्वी आम्ही शेवटची मोजणी केली. खालच्या भागात बेटामागे नऊ-दहा दमदार कोंब होते. वरच्या भागातील स्फुरद मिळालेल्या सऱ्या सात-आठवर स्थिर होत्या आणि त्यांची उंची खालच्यापेक्षा हातभर कमी होती. उपाशी ठेवलेल्या चार सऱ्यांत खत मिळाल्यावर फुटवे आले, पण त्यांतील अर्धे इतके कोवळे होते की बांधणीच्या मातीतून ते वर येतील असे वाटत नव्हते. त्या चार सऱ्यांचे नुकसान माझ्या विनंतीमुळे झाले, याची मला जाणीव आहे. भावाने त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. उलट फितींचे रंग त्याने वहीत सरीच्या क्रमांकासह लिहून ठेवले.

तोडणीनंतर या शेतात खोडवा ठेवायचा आहे. जमिनीलगत तोड झाली की शेतातील प्रत्येक कोंबाचा जेठा एकदमच जातो, आणि जमिनीखालचे डोळे पूर्णपणे बुडख्यातील साठ्यावर व मुळांवर अवलंबून राहतात. तेव्हा वरच्या भागात खत विस्कटायचे नाही, पहारीने सरीच्या बगलेला खोल भोके घेऊन स्फुरद मुळांजवळ द्यायचे, असे आम्ही ठरवले आहे. बांधावर यंदा मक्याऐवजी बुटकी चवळी असेल. फिती बांधलेली बेटे तशीच ठेवली आहेत, आणि पहिली मोजणी तोडीनंतर चाळिसाव्या दिवशी करायची आहे.